सात नंबरची कूस

त्या शुश्रूषागृहात तीन वर्षांत चार थोरल्या सिस्टर येऊन गेल्या होत्या. पहिली लग्नाचं कारण सांगून गेली. तिचं लग्न झालेलं होतं, दोन मुलंही होती. दुसरी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली ती अजून जेवतेच आहे. तिसरीने राजीनामा इतक्या घाईत लिहिला की त्यावर स्वतःचं नाव घालायची विसरली, आणि दोन महिने कोणी राजीनामा दिलाय हेच कार्यालयाला कळेना. चौथी खिडकीतून गेली. खिडकी तळमजल्यावरची होती, तेव्हा तिला लागलं काही नाही. पण दार सताड उघडं असताना खिडकी कशाला, असं विचारणाऱ्याला एकच उत्तर मिळायचं. दारात मावशी उभ्या होत्या.

मावशी म्हणजे तिथल्या जुन्या सेविका. बावीस वर्षांची नोकरी. एका हाताने धडधाकट म्हातारा उचलून धरायच्या आणि दुसऱ्या हाताने त्याच्या खालची चादर झटकून बदलायच्या. त्या खोकल्या की औषधांच्या कपाटातल्या बाटल्या आपण होऊन रांगेत उभ्या राहायच्या. हे सगळं थोडं कमी करून ऐकलंत तरी चालेल, पण फार कमी करू नका.

अशा ठिकाणी पाचव्या थोरल्या सिस्टर रुजू झाल्या. 'थोरल्या' हे पद होतं, उंची नव्हे. औषधांची ढकलगाडी त्या ढकलत निघाल्या की समोरून गाडी एकटीच येतेय असं वाटायचं. पहिल्या दिवशी मावशींनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं; फार वेळ लागला नाही.

"ह्या किती दिवस?" मावशींनी उंच मामांना विचारलं. विचारलं हळूच, म्हणजे तीन खोल्यांपलीकडे ऐकू आलं.

"दोन आठवडे," मामा म्हणाले. मामा तिथले दुसरे सेवक. इतके उंच, की दिवा बदलायला शिडी लागायची नाही आणि पेशंटला पाणी पाजायचं तर अर्ध्यात घडी पडायचे.

थोरल्यांनी ते ऐकलं, टोपी नीट केली आणि म्हणाल्या, "मामा, दोन आठवड्यांनी मला आठवण करा हं. मी विसरेन."

मजल्यावर आठ खोल्या, खोलीत तीन खाटा. बहुतेक पेशंट असे, की ज्यांना आता घरी जायचं नव्हतं, हेच घर. दिवसपाळीला थोरल्या, गोळ्या-औषधं बघणाऱ्या धाकट्या सिस्टर आणि तीन सेवक. मावशी, मामा आणि घाईताई. घाईताई वयाने लहान. ती चालत नसे, खोलीच्या एका टोकाला दिसायची आणि मग दुसऱ्या टोकाला दिसायची. मधलं कोणी पाहिलेलं नव्हतं.

तिघांनी खोल्या वाटून घेतल्या होत्या. पहिल्या तीन मावशींच्या, मधल्या तीन मामांच्या, शेवटच्या दोन घाईताईच्या. ही वाटणी कागदावर कुठेच नव्हती, म्हणूनच ती कोणी मोडत नसे. मामांच्या खोलीतली घंटा वाजली तर मावशींच्या कानांवर ती पडायचीच नाही. उंबऱ्यापाशी येऊन परत जायची. आणि मावशींच्या खोलीत मामांनी पाऊल टाकलं तर मावशी विचारायच्या, "काय, वाट चुकलात?" आपल्या खोलीचं काम आपल्याला एकट्याने होत नाही असं म्हणणं म्हणजे नाक कापून हातात देणं. बावीस वर्षांत मावशींनी कोणाला हाक मारली नव्हती.

तिसऱ्या खोलीत सात नंबरच्या खाटेवर वहिनी होत्या आणि आठ नंबरवर वन्सं. नात्याने नणंद-भावजय. साठ वर्षं एका छपराखाली भांडल्या. मधला जो माणूस एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा होता, तो केव्हाच सुटला. घर गेलं, भांडण तेवढं त्यांनी नीट बांधून बरोबर आणलं होतं. वहिनींचा कमरेखालचा भाग वाऱ्याने गेलेला, वन्संचे डोळे गेलेले. त्यामुळे एकीला हलता येत नसे आणि दुसरीला दिसत नसे, पण बोलायला दोघींनाही काही अडचण नव्हती.

वहिनी हयातभर शिवणकाम करत आल्या. बँडवाल्यांचे गणवेश, शाळेचे सदरे, वकिलांचे कोट. अर्ध्या गावाची मापं अजून तोंडपाठ. त्यांच्या माकडहाडावर जखम झाली होती. पडून पडून होते ती.

पहिल्याच सकाळी थोरल्यांनी पट्टी सोडली, तेव्हा वहिनींनी उशीत तोंड घालून विचारलं, "केवढी आहे?"

"आहे लहानशी," धाकट्या सिस्टर सवयीने म्हणाल्या.

"लहानशी म्हणजे काय ते माप आहे? गिऱ्हाइकाला लहानसा सदरा शिवून दिला असता तर त्याने अंगावर फेकला असता. शर्टाचं बटण की कोटाचं?"

थोरल्यांनी वाकून पाहिलं. खोटं बोलायचं तर आत्ताच, नंतर जमणार नाही, हे त्यांना कळलं. "शर्टाच्या पुढची आहे. कोटाच्या जवळ आली."

"ऐकलंत वन्सं? कोट!"

"तुला नेहमी थोरच लागायचं," आठ नंबरवरून उत्तर आलं. "लग्नात पण माझ्यापेक्षा रुंद काठाचं."

डॉक्टर तीन आठवड्यांतून एकदा यायचे. त्यांनी जखम पाहिली आणि बाहेर येऊन संचालकसाहेबांसमोर थोरल्यांना सांगितलं, "पुढच्या खेपेला ही वाढलेली दिसली तर मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल. तिथे किती दिवस लागतील सांगता येत नाही."

"आणि इथली खाट?" थोरल्यांनी विचारलं.

संचालकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "खाट रिकामी ठेवता येत नाही, सिस्टर. यादीत माणसं आहेत."

म्हणजे वहिनी गेल्या की गेल्या. वन्सं आठ नंबरवर एकट्या; भांडायला भिंत.

कूस बदलली की अशा जखमा भरतात. दर दोन तासांनी डावी, मग उजवी; पाठीवर भार नको. त्यासाठी खाटेच्या पायथ्याशी तक्ता अडकवलेला असे. तासांचे चौकोन, वळवलं की चौकोनात खूण करायची. थोरल्यांनी सात नंबरचा तक्ता पाहिला. असा तक्ता प्रदर्शनात लावावा. एकही चौकोन रिकामा नाही, खुणा सगळ्या एका उंचीच्या, एका कलाच्या, कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या. आणि जखम तरीही वाढत होती. म्हणजे एक तर पाठ खोटं बोलत होती, नाही तर कागद. थोरल्यांचा अनुभव असा, की पाठ सहसा खोटं बोलत नाही.

मंगळवारी त्यांना पुरावा मिळाला. वहिनींना हाडाचा फोटो काढायला बाहेर न्यायचं होतं. सकाळी साडेनऊला गाडी आली, थोरल्या स्वतः बरोबर गेल्या, परत येईतो दुपारचे अडीच. आल्यावर त्यांनी सहज तक्ता पाहिला. दहा वाजता डावी कूस: खूण. बारा वाजता उजवी: खूण. दोन वाजता डावी: खूण. चार वाजता उजवी, त्याचीही खूण. चार वाजायला अजून दीड तास होता. बारा वाजता वहिनी गाडीत ताठ बसून ड्रायव्हरच्या सदऱ्याची बाही कशी चुकीची बसवलीय हे त्याला ऐकवत होत्या. आणि इथे त्यांची मोकळी गादी तीनदा कुशीवर वळली होती!

गोष्ट संचालकसाहेबांच्या कानावर गेलीच. अशा ठिकाणी भिंतींना कान नसतात. कानांनाच भिंती कमी पडतात. त्यांनी थोरल्यांना बोलावलं.

"कोणाची खूण आहे ती? नाव द्या. एकाला घरी पाठवलं की बाकीचे सरळ होतात."

"बाकीचे राहतील किती, साहेब? एक गेला की चोवीस खाटांना दोन माणसं. मग खुणा कोण करणार?"

"मग जखम भरणार कशी?"

"ते मी बघते. डॉक्टर येईपर्यंतचे तीन आठवडे द्या."

"आणि नाही भरली तर?"

"तर पेशंट जाईल. मग नाव माझं लिहा. स्पेलिंग सोपं आहे."

साहेबांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "तेव्हा मी दोन्ही नावं घेईन, सिस्टर."

कोठीच्या खोलीत मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. थोरल्यांनी दार लोटून घेतलं. खिडकी उघडी आहे, हे मावशींनी एकदा पाहून घेतलं.

"मी पळणार नाहीये," थोरल्या म्हणाल्या. "सात नंबरच्या खुणा तुमच्या?"

"माझ्याच." मावशींनी घडी मोडली नाही. "सकाळी सातला भरते. सगळ्यांच्या. तेव्हा हात कोरडे असतात आणि पेन जागेवर असतं. एकदा अंघोळी सुरू झाल्या की हात संध्याकाळी वाळतात. ओल्या हाताने खूण केली तर शाई पसरते आणि मग तुमच्या आधीच्या बाई ओरडायच्या, कागद घाण झाला म्हणून. माणूस घाण झाला तर ओरडल्याचं मला आठवत नाही."

"पण वळवता की नाही?"

"मी? मी वळवत नाही?" बाटल्या कपाटात हलल्या. "जमेल तेव्हा वळवते. एकटीने, एका झटक्यात! कोणाला हाक न मारता. तुम्हाला पाच माणसं लागतील."

"मग जखम का वाढतेय, मावशी?"

मावशींच्या हातातली चादर थांबली. हा प्रश्न आपणही स्वतःला विचारलाय हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. लगेच पुसलंही गेलं. "म्हातारं कातडं," त्या म्हणाल्या.

थोरल्यांनी त्या रात्री विचार केला की नाही ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या नऊ नंबरच्या, कालच रिकाम्या झालेल्या खाटेवर आडव्या झाल्या. टोपी उशाशी काढून ठेवली.

"आजपासून मी नऊ नंबर," त्यांनी जाहीर केलं. "मला हलता येत नाही. पाळीचं काम धाकट्या सिस्टर बघतील. माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही. रोजच्यासारखं चालू द्या."

"डोकं फिरलं," मामा म्हणाले.

"दोन आठवडे झाले ना आज," घाईताई म्हणाली, आणि ते म्हणेपर्यंत ती आठव्या खोलीत होती.

"कोण निजलंय तिकडे?" वन्संनी आंधळे डोळे वळवले.

"थोरल्या सिस्टर," वहिनी म्हणाल्या.

"आजारी आहे?"

"नाही. शिकतेय."

पहिला अर्धा तास मजेत गेला. मग टाचा बोलायला लागल्या. तासाभराने पाठ बोलायला लागली. छतावर ओलीचा एक डाग होता. थोरल्यांना त्यात आधी ढग दिसला, मग उंट, मग सासूबाई. हलायचं नाही असं एकदा ठरवलं की माणसाला नाकावर तीन माश्या असल्यासारखं वाटतं, एकही नसली तरी. नऊ वाजले, कोणी आलं नाही. दारातून मावशी सतरा वेळा गेल्या, थोरल्यांनी मोजलं. एकदाही हात रिकामे नव्हते. पाणी, बादली, चादर, म्हातारबुवा, पुन्हा बादली. शेजारच्या खोलीत मामाही तसेच. दोघं दारात समोरासमोर आले की अंग चोरून निघून जायचे, जणू अरुंद पुलावरचे दोन हत्ती.

"कळ येतेय?" वहिनींनी विचारलं.

"येतेय."

"कुठे?"

"तुमची आहे तिथेच."

वहिनी म्हणाल्या, "मी तिला नाव देऊन ठेवलंय. 'वन्सं' म्हणते तिला. बसू देत नाही म्हणून."

"ऐकलं मी," आठ नंबर म्हणाला.

अकरा वाजता मावशी आल्या. चार तासांनी. घामाने डबडबलेल्या, पण ऐटीत. थोरल्यांना दाखवायचंच होतं. "बघा आता," त्या म्हणाल्या. एक हात खांद्याखाली, एक हात कमरेखाली, आणि एका हिसक्यात थोरल्या डाव्या कुशीवर!

एकटीने, खरोखरच. मापात कुठेही खोट नाही. पण थोरल्या किंचाळल्या. कारण अंग वळलं आणि कातडं जागेवरच राहिलं. चादरीवरून घासत, ताणत, पीळ बसत ते मागून आलं. माकडहाडावर विस्तव ठेवल्यासारखं झालं.

थोरल्या ताडकन उठून बसल्या. सगळं विसरून आपणच आपली पाठ चोळायला लागल्या आणि हसायलाही. "मावशी! मावशी, सापडलं!"

"काय सापडलं?"

"तुम्ही वळवत नाही म्हणून नाही वाढत. तुम्ही वळवता म्हणून वाढतेय! एकटीने वळवलं की माणूस ओढला जातो. उचलला जात नाही. दोघींनी चादरीसकट उचललं तर घासणारच नाही."

मावशींचा चेहरा विटकरीसारखा झाला. एवढं बळ, बावीस वर्षांचं, ज्याच्या जोरावर मान वर होती, तेच आता दोष म्हणून कोणी परत करत होतं. "म्हणजे जखम मी केली म्हणता."

थोरल्यांना 'नाही' म्हणता आलं असतं. सोपं होतं. "आपण केली," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओढलं, आणि आम्ही तुम्हाला एकटं ठेवलं."

मावशी निघून गेल्या. जाताना सवयीने नऊ नंबरच्या तक्त्यावर नऊ वाजताची खूण करून गेल्या. अकराची केली नाही.

दुपारी थोरल्यांनी सगळ्यांना गोळा केलं. भाषण नव्हतं. "उद्यापासून खोल्या कोणाच्याही नाहीत. सगळ्या खोल्या सगळ्यांच्या. कूस बदलायची ती दोघांनी, चादरीसकट, उचलून. दुसरं माणूस नसेल तर हाक मारायची. आणि तक्ता वळवल्यानंतर भरायचा. शाई पसरली तर पसरू दे, मी ओरडणार नाही. राहून गेलं तर चौकोन रिकामा सोडायचा."

"रिकामा?" धाकट्या सिस्टरांना घाम फुटला. "तपासणीला कोणी आलं तर?"

"तर रिकामा दिसेल."

"हाक कोण मारणार?" मामांनी हळूच विचारलं आणि सगळ्यांनी मावशींकडे न बघण्याचा इतका प्रयत्न केला की चार माना चार दिशांना गेल्या.

"मी घरी बसेन," मावशी म्हणाल्या. "पण हाक मारणार नाही. ज्यांच्यात ताकद नाही त्यांनी मारावी."

"बरोबर आहे," थोरल्या म्हणाल्या. "म्हणून पहिली मी मारेन."

आणि मारली. दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिसऱ्या खोलीतून असा आवाज आला, की फाटकाजवळच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला. "मावशीऽऽ! या हो, मला उचलत नाहीऽऽ!" एवढ्याशा जीवातून एवढा आवाज! दहाला पुन्हा, बाराला पुन्हा. पहिले दोन दिवस मावशी यायच्या तेव्हा तोंड फुगलेलं. चादरीच्या दोन टोकांना दोघी. मावशींची बाजू उंच जायची, थोरल्यांची खाली, आणि मधल्यामध्ये वहिनी घसरगुंडीवर.

"मापात धरा गं!" वहिनी ओरडायच्या. "एक बाही लांब, एक आखूड झाली!"

मग थोरल्या छोट्या स्टुलावर उभ्या राहायला लागल्या आणि बाह्या सारख्या झाल्या. पाचव्या दिवशी मामांनी घाईताईला हाक मारली. घाईताई त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तिथे होती. मग मामांनी धाकट्या सिस्टरांना मारली. बघता बघता मजला बाजारासारखा हाकांनी भरला. ओल्या बोटांच्या खुणा, पसरलेली शाई, वाकड्या रेघा. तक्ते असे दिसायला लागले की जणू कोंबड्या फिरून गेल्यात. सगळ्यांनी हाका मारल्या. मावशींनी तेवढी नाही. कोणी बोलावलं तर धावायच्या, पण आपण बोलवायचं नाही. त्या बाजूला उभ्या राहून वाट बघायच्या. कोणी आपण होऊन आलं तर ठीक.

पट्टी बदलताना वहिनींना माप सांगायचं थोरल्यांनी सोडलं नाही. "कोटाचं." "कोटाचंच." "कोटाचं, पण कडेने बारीक."

पंधराव्या दिवशी मामा तापाने घरी होते. पावणेबाराला शेवटच्या खोलीत एक आजोबा पलंगावरून घसरून खाली आले. थोरल्या, धाकट्या सिस्टर आणि घाईताई, तिघीही जमिनीवर त्यांच्याभोवती. पाय हलवायचा नव्हता, मान धरून ठेवायची होती. बाराचा ठोका पडला.

तिसऱ्या खोलीत मावशी सात नंबरपाशी एकट्या उभ्या होत्या.

"वळव की," वहिनी म्हणाल्या. "तुला काय अवघड आहे?"

मावशींनी बाह्या वर सारल्या. एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. आणि तसाच काढून घेतला.

"काय झालं?" वन्सं म्हणाल्या. "आवाज नाही आला हिसक्याचा."

मग मजल्यावर सगळ्यांनी ऐकलं. खोलीच्या दारात उभं राहून, गळा दोनदा खाकरून, जरा घोगऱ्या आवाजात:

"थोरल्याऽ... या हो. मला एकटीला नाही जमत."

शेवटच्या खोलीत आजोबांची मान धरून बसलेल्या थोरल्या उठायला गेल्या. पण मान सोडता येईना. त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "मावशी, ऐकलं! पण येता येत नाही! थांबा!"

बावीस वर्षांत मारलेली पहिली हाक, आणि कोणी येऊ शकलं नाही. मावशी थांबल्या. वहिनींच्या कमरेखाली त्यांनी आपला तळहात सपाट घातला, भार थोडा उचलून धरला आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हात बधिर झाला तेव्हा दुसरा घातला.

"दुखतंय का गं तुला?" वहिनींनी विचारलं.

"गप्प पडा. शिवण टाकतेय."

बारा चाळीसला आजोबांना घेऊन गाडी गेली आणि थोरल्या धापा टाकत आल्या. स्टूल घेतलं, टोकं धरली. एक, दोन, तीन. वहिनी वर उचलल्या गेल्या आणि चादरीचा आवाजसुद्धा न होता उजव्या कुशीला टेकल्या. मावशींनी पेन घेतलं. बाराच्या चौकोनापाशी थांबल्या. मग पेन खिशात घातलं.

डॉक्टर आले त्या दिवशी संचालकसाहेबही मागे आले. वही बरोबर होती. दोन नावं लिहायची होती ना. तक्त्यावर त्यांची नजर गेली आणि चष्मा नाकावरून घसरला. "हे काय आहे? शाई सांडलीय? आणि इथे... बारा वाजता काहीच नाही! सिस्टर, तुम्ही तर म्हणालात..."

थोरल्यांनी तोंड उघडलं, पण मावशी आधी बोलल्या. "माझं आहे ते. त्या वेळी वळवलं नाही. दुसरं माणूस नव्हतं. एकटीने ओढलं असतं तर खूण झाली असती आणि जखम पण."

साहेब थोरल्यांकडे वळले. "तुम्ही हे मान्य करता?"

"करते. तो एक चौकोन सोडून बाकी सगळे खरे आहेत, साहेब. तो रिकामा आहे म्हणून."

डॉक्टर खाली वाकले होते. पट्टी सोडून मोजपट्टीने माप घेत होते. एकदा घेतलं, परत घेतलं. वहिनींनी उशीतून विचारलं, "काय? शर्ट की कोट?"

डॉक्टरांना कळेना. त्यांनी थोरल्यांकडे पाहिलं.

"शर्ट," थोरल्या म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा मोठ्याने म्हटलं. "शर्टाचं, वहिनी. पुढच्या पट्टीचं."

"कॉलरचं नाही?"

"त्याला अजून महिना."

"म्हटलं नव्हतं," वन्संनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले, "हिला कधी समाधानच नाही."

"हलवायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "इथेच भरेल. असंच चालू ठेवा." आणि जाता जाता तक्ता हातात घेऊन बराच वेळ त्या एका रिकाम्या चौकोनाकडे पाहत राहिले. "आमच्या मोठ्या इस्पितळात असा एकही नाही," ते म्हणाले. कौतुक होतं की काळजी, ते कळलं नाही.

साहेबांनी वही उघडली, मिटली. अजून काहीतरी बोलायचं होतं, नियमाचं. तेवढ्यात घड्याळात दोन वाजायला आले. थोरल्यांनी दाराबाहेर पाहिलं: मामा पाचव्या खोलीत, घाईताई सातव्यात, धाकट्या सिस्टर औषधांच्या गाडीपाशी. मावशींनीही पाहिलं. मग त्यांनी चादरीचं एक टोक मुठीत घट्ट धरलं, खाकरल्या आणि ज्या आवाजाने चौथी थोरली खिडकीतून गेली होती, त्याच आवाजात म्हणाल्या:

"साहेब, या हो. पायाकडून धरा. थोरल्यांना स्टूल शोधायला वेळ लागतो."

वही कुठे ठेवावी ते साहेबांनी शोधत्या नजरेने पाहिलं. जागा दिसेना, म्हणून वन्संच्या हातात दिली. आणि कोटाच्या बाह्या वर सारल्या.

"बाही चुकीची बसवलीय," वहिनी म्हणाल्या. "नंतर सांगते. आधी उचला."